फाइल परत का येते? पतपेढीचं उदाहरण घेऊन सिक्स सिग्मा, अगदी पहिल्या पायरीपासून

सिक्स सिग्मा, म्हणजे कामातल्या चुका मोजून कमी करायची पद्धत, म्हटलं की बऱ्याच जणांना वाटतं हे फॅक्टरीवाल्यांचं नाहीतर पवई-ऐरोलीच्या मोठ्या कंपन्यांचं काम, आपल्या दहा-पंधरा माणसांच्या ऑफिसात त्याचं काय. मला हे बिलकुल पटत नाही. जिथे एकच काम रोज पुन्हा पुन्हा होतं आणि त्यातलं थोडं रोज चुकतं तिथे ही पद्धत चालते, मग ते पॅथॉलॉजी लॅबचे रिपोर्ट असोत, मशीद बंदरच्या होलसेलरची बिलं असोत की सोसायटीच्या मेंटेनन्सच्या पावत्या. लागतं काय, तर एक वही, एक्सेल आणि पाच-सहा महिने चिकाटी. महागडं सॉफ्टवेअर लागत नाही.

खाली मी एकच उदाहरण शेवटपर्यंत नेतोय. लालबाग-परळ भागातली एक पतपेढी धरा, पाच शाखा, एक हेड ऑफिस, आणि प्रॉब्लेम असा की वैयक्तिक कर्जाच्या फायली हेड ऑफिसमधून त्रुटी काढून परत येतात. पतपेढी आणि तिचे आकडे समजण्यासाठी रचलेले आहेत, पण त्यावरचं गणित खरं आहे, कॅल्क्युलेटर घेऊन बसा आणि सोबत करत चला, तरच डोक्यात बसेल.

थोडा इतिहास आधी, कारण ही गोष्ट कुठून आली हे माहिती असलं की तिचा धाक कमी होतो. १९८६ मध्ये मोटोरोलात बिल स्मिथ नावाच्या इंजिनिअरने सिक्स सिग्मा मांडलं, १९८८ मध्ये मोटोरोलाला अमेरिकेचा बाल्ड्रिज क्वालिटी अवॉर्ड मिळाला, मग १९९५ पासून जॅक वेल्शनी ते जनरल इलेक्ट्रिकमध्ये सगळीकडे लावलं आणि जगभर गाजलं. पण मूळ त्याच्याही खूप मागे आहे. वॉल्टर शूहार्ट नावाच्या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञाने १६ मे १९२४ ला साहेबाला एक छोटंसं टिपण पाठवलं, त्यात पहिला कंट्रोल चार्ट होता, म्हणजे कामातला चढ-उतार नेहमीचा आहे की वेगळा हे दाखवणारा आलेख. हेच शूहार्ट १९४७-४८ मध्ये इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या बोलावण्यावरून भारतात येऊन गेले, तेव्हा हे ज्ञान आपल्याकडे नवीन आहे असं कोणी म्हणू नये.

पद्धतीचं नाव डीमेक. डिफाइन, मेजर, अ‍ॅनालाइज, इम्प्रूव्ह, कंट्रोल. म्हणजे प्रॉब्लेम ठरवा, मोजा, कारण शोधा, सुधारा, आणि सुधारलेलं टिकवा. क्रम बदलायचा नाही, ही एकच अट. आणि माझं ठाम मत असं की निम्मी मेहनत पहिल्या दोन पायऱ्यांवर गेली पाहिजे, विशेषतः मोजण्यावर, कारण मोजमाप कच्चं असेल तर पुढचं सगळं गणित कितीही भारी करा, उत्तर चुकीचंच येतं.

प्रॉब्लेम लिहून काढा, उपाय नाही

पहिल्या मीटिंगमध्ये काय होतं ते सगळ्यांना माहितीये. कोणीतरी म्हणतं कर्जाला फार वेळ लागतो, दुसरा म्हणतो स्टाफ वाढवा, तिसरा म्हणतो नवीन सॉफ्टवेअर घ्या, अध्यक्ष म्हणतात शाखाधिकाऱ्यांना मेमो द्या, आणि तासाभरात उपायावर भांडण सुरू होतं, प्रॉब्लेम काय आहे हे कोणी बोललेलंच नसतं.

म्हणून आधी आवक-जावक रजिस्टर काढायचं आणि साधं मोजायचं. आपल्या उदाहरणात मागच्या आठ आठवड्यांत हेड ऑफिसला २०० फायली गेल्या, त्यातल्या ४६ परत आल्या. मग प्रॉब्लेम असा लिहायचा: "मागच्या आठ आठवड्यांत पाच शाखांतून गेलेल्या वैयक्तिक कर्जाच्या २०० फायलींपैकी ४६, म्हणजे २३ टक्के, त्रुटी काढून परत आल्या." बस. यात कोणाची चूक ते लिहायचं नाही, कारण लिहायचं नाही, उपाय तर नाहीच नाही. "स्टाफ लक्ष देत नसल्यामुळे" असे चार शब्द जरी त्या वाक्यात घुसले तरी पुढचे सहा महिने तुम्ही तेच सिद्ध करत बसणार.

त्याच कागदावर टार्गेट लिहा, सहा महिन्यांत २३ वरून १० टक्क्यांच्या खाली. आणि हद्द ठरवा: फक्त वैयक्तिक कर्ज, सोनेतारण बाहेर, वसुली बाहेर, काउंटरवर अर्ज घेतल्यापासून मंजुरीपर्यंतच. हद्द मोठी ठेवली की काम कधी संपतच नाही. खाली एका संचालकाची सही घ्या, कारण मध्ये फॉर्म बदलायची वेळ येईल तेव्हा हो म्हणणारा माणूस लागतो.

आता ज्याच्यासाठी हे चाललंय त्याला विचारा. सभासदांशी बोललात तर बहुतेक वेळा एक गोष्ट कळेल, त्यांना दिवसांपेक्षा फेऱ्यांचा जास्त त्रास होतो. लोअर परळच्या मॉलमध्ये काम करणाऱ्याला शाखेत यायचं म्हणजे हाफ डे टाकावा लागतो, भाजीच्या गाळ्यावाल्याला सकाळचा धंदा सोडून यावं लागतं. त्याला आठवडा लागला तरी चालतो पण तीनदा बोलावलं तर तो दुसऱ्या पतपेढीत जातो. म्हणजे मोजायचं काय, तर "पहिल्याच खेपेला पूर्ण झालेली फाइल". ही गोष्ट बोर्डरूममध्ये बसून सुचत नाही, काउंटरच्या पलीकडच्या बाकावर जाऊन बसावं लागतं.

एका पानावर प्रोसेसचा नकाशा पण काढून ठेवा: कागद कोण देतं, काय देतं, कोण काय करतं, शेवटी काय बाहेर पडतं, ते कोणाला मिळतं. याला सायपॉक म्हणतात. अर्ध्या तासाचं काम आहे, त्यावर दोन दिवस घालवू नका.

मोजमाप: इथे घाई केलीत तर सगळं वाया

त्रुटी म्हणजे काय? सोपं वाटतं ना? मग दोन क्लार्कना वेगवेगळं विचारून बघा. झेरॉक्स पुसट आहे, ही त्रुटी का? जामीनदाराची अर्जावरची सही मराठीत आणि पॅन कार्डवरची इंग्रजीत, ही त्रुटी का? पत्ता जुन्या चाळीचा आहे आणि माणूस आता त्याच जागी उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये राहतो, वीजबिलावर बिल्डिंगचं नवीन नाव आहे, याचं काय करायचं? एक जण फाइल पुढे पाठवतो, दुसरा परत करतो, दोघंही प्रामाणिक, आणि तुमचा आकडा मात्र कोण ड्युटीवर होतं त्यावर हलत राहतो.

त्यामुळे डेटा गोळा करायच्या आधी ही टेस्ट करा, मी हिच्यावर खूप भर देतो. जुन्या ३० फायली काढा, दोन तपासणाऱ्यांना त्याच ३० फायली स्वतंत्रपणे द्या, एकमेकांशी बोलायचं नाही, प्रत्येकीवर फक्त "बरोबर" किंवा "त्रुटी" लिहायचं. समजा दोघांनी ६ फायलींना त्रुटी म्हटलं, १८ ना दोघांनी बरोबर म्हटलं, आणि उरलेल्या ६ वर मतं वेगळी पडली: २ फायलींना फक्त पहिल्याने त्रुटी म्हटलं, ४ ना फक्त दुसऱ्याने. ३० पैकी २४ जुळल्या म्हणजे ८० टक्के, ऐकायला मस्त वाटतं. पण बहुतेक फायली बरोबरच असतात त्यामुळे नुसतं नशिबानेही बरंच जुळतं. पहिल्याने ८ ना त्रुटी म्हटलं, दुसऱ्याने १० ना, या हिशेबाने नशिबाने जुळण्याचं प्रमाण निघतं ८ गुणिले १० अधिक २२ गुणिले २०, भागिले ९००, म्हणजे ०.५८. मग खरं एकमत म्हणजे ०.८० मधून ०.५८ वजा, भागिले १ मधून ०.५८ वजा, उत्तर ०.५३ च्या आसपास. याला कप्पा (kappa, ग्रीक अक्षर) म्हणतात. साधारण संकेत असा की कप्पा ०.७ च्या खाली असेल तर डेटा गोळा करू नका, व्याख्येवर परत बसा.

परत बसायचं म्हणजे काय करायचं, तर त्या ६ फायली टेबलावर ठेवायच्या, दोघांना समोरासमोर बसवायचं, प्रत्येक फाइलवर निर्णय घ्यायचा आणि तो एका कागदावर लिहायचा. "झेरॉक्सवर नाव, नंबर आणि फोटो वाचता येत असेल तर बरोबर." "दोन भाषांतल्या सह्या असतील तर शाखाधिकाऱ्यासमोर केलेली तिसरी सही लागेल." असे सात-आठ नियम होतात, ते काउंटरच्या काचेला आतून चिकटवा. मग दुसऱ्या ३० फायली घेऊन पुन्हा टेस्ट. कित्येक ठिकाणी एवढ्यानेच परत येणाऱ्या फायली थोड्या कमी होतात, कारण शाखेला पहिल्यांदाच कळतं की हेड ऑफिसला नक्की काय हवंय. पण मग आधीचा आणि नंतरचा आकडा एकाच नियमाने मोजलेला पाहिजे, म्हणून त्या जुन्या २०० फायलींना नवीन नियम लावून परत मोजा. आपल्या उदाहरणात परत मोजूनही ४६ च आल्या असं धरू.

आता तक्ता. एक फाइल एक ओळ, आणि रकाने असे: तारीख, शाखा, अर्ज सभासदाने स्वतः आणला की दैनिक ठेव गोळा करणाऱ्या एजंटने, सभासद नोकरदार की व्यावसायिक, काउंटर नंबर, परत आली का, कुठली त्रुटी. त्रुटीच्या रकान्यात ठरलेल्या पाच प्रकारांपैकी जे लागू असतील त्यांवर टिक. "रिमार्क" म्हणून मोकळी जागा ठेवलीत तर सगळे तिथे "कागद कमी" लिहिणार आणि ते मोजता येत नाही. क्लार्कचं नाव लिहू नका, काउंटर नंबर पुरे. आणि पहिल्याच दिवशी सगळ्यांना स्पष्ट सांगा की या तक्त्यावरून कोणाचं अप्रेझल होणार नाही. हे वचन पाळलं नाही तर लोक आकडे सुंदर लिहून देतील आणि फायली तशाच परत येत राहतील.

कुठले आठवडे घ्यायचे तेही बघा. लालबागला शाखा असेल तर गणपतीच्या दिवसांत रस्ताच बंद असतो, जूनच्या तोंडावर शाळेच्या फीसाठी अर्जांची रांग लागते, जुलैत लोकल बंद पडल्या की निम्मा स्टाफ दुपारी पोचतो. असे दिवस डेटातून काढून टाकू नका पण त्यांच्यावर खूण करा, नंतर वेगळे बघता येतील.

मग सिग्मा लेव्हल काढायची, म्हणजे काम किती बिनचूक चालतं त्याचा आकडा, जितका मोठा तितक्या चुका कमी. २०० फायली, प्रत्येकीत चुकायच्या ५ जागा, म्हणजे १,००० संधी. ४६ फायलींत मिळून त्रुटी निघाल्या ६२, काहींमध्ये दोन-दोन होत्या. ६२ भागिले १,००० म्हणजे दहा लाख संधींमागे ६२,००० चुका. या आकड्याला डीपीएमओ म्हणतात. प्रचलित तक्ता असा आहे: ३ सिग्मा म्हणजे ६६,८०७, ४ सिग्मा म्हणजे ६,२१०, ५ सिग्मा म्हणजे २३३, आणि ६ सिग्मा म्हणजे फक्त ३.४. या तक्त्यात काळाबरोबर प्रोसेस १.५ सिग्माने सरकते असं गृहीत धरलेलं आहे. आपली पतपेढी ३ च्या जरा वर. लगेच ६ चं स्वप्न बघू नका, ४ ला पोचलात तरी सभासदाला जाणवेल.

आता सावध करतो. समजा कोणी शहाणा म्हणाला की फाइलमध्ये ५ नाही, २० जागा आहेत चुकायच्या. मग ६२ भागिले ४,०००, डीपीएमओ १५,५०० आणि सिग्मा ३.६६. एकही फाइल सुधारली नाही आणि प्रेझेंटेशनमध्ये सुधारणा दिसली! म्हणून संधी किती हे सुरुवातीला ठरवून लॉक करा, आणि त्याच्या शेजारी नेहमी साधा आकडा लिहा: पहिल्या खेपेला पास झालेल्या फायली, २०० पैकी १५४, म्हणजे ७७ टक्के. सभासदाला डीपीएमओ कळत नाही, त्याला हा ७७ कळतो. आणि ७७ बघून लगेच कोणाला नावं ठेवू नका, पाच टप्पे असतील आणि प्रत्येक टप्पा ९५ टक्के बरोबर असेल तरी ०.९५ पाच वेळा गुणा, ७७ च येतं. प्रत्येक टेबल म्हणतं आमचं तर ठीक चाललंय, आणि ते खरंही असतं.

कारण शोधताना पहिल्या संशयितावर थांबू नका

सगळ्यात आधी पॅरेटो, म्हणजे त्रुटींचे प्रकार मोठ्यापासून लहानापर्यंत लावा. जामीनदाराची कागदपत्रं २७, उत्पन्नाचा पुरावा १८, सह्या ८, पत्ता ६, बाकी ३. पहिले दोन मिळून ४५, म्हणजे ६२ पैकी जवळपास ७३ टक्के. सध्या फक्त या दोघांवर काम करायचं, सह्या आणि पत्ते थांबू शकतात.

आता डेटा कापून बघा. एक्सेलमध्ये पिव्होट टेबल लावा, शाखेप्रमाणे, वाराप्रमाणे, कोणी आणली त्याप्रमाणे. आपल्या उदाहरणात शाखा आणि वार यांच्यात फारसा फरक दिसत नाही, पण हे दिसतं: एजंटने आणलेल्या ८० फायलींपैकी ३१ परत, सभासदाने स्वतः आणलेल्या १२० पैकी फक्त १५. ३९ टक्के विरुद्ध साडेबारा. हा फरक योगायोग आहे का ते बघायला काय-स्क्वेअर टेस्ट करतात, इथे उत्तर १८.७ येतं, ३.८४ च्या वर गेलं तरी फरक खरा धरतात, म्हणजे शंकाच नाही.

झालं! मीटिंगमध्ये सगळे म्हणणार एजंटच निष्काळजी आहेत, ट्रेनिंग द्या, कमिशन कापा. इथेच थांबायचं नाही, आणि या लेखातली सगळ्यात महत्त्वाची जागा मला हीच वाटते. एजंट आणि सभासद यांच्या फायली एकाच प्रकारच्या आहेत का हा प्रश्न विचारा. एजंट रोज दुकानं आणि गाळे फिरतो, त्याची माणसं व्यावसायिक असणार. मग अजून एक काप घ्या, नोकरदार आणि व्यावसायिक.

एजंटच्या ८० पैकी ६० फायली व्यावसायिकांच्या, त्यातल्या २८ परत, म्हणजे ४७ टक्के. सभासदांनी स्वतः आणलेल्या व्यावसायिक फायली फक्त २०, पण त्यातल्याही ९ परत, ४५ टक्के. म्हणजे व्यावसायिकाची फाइल कोणीही आणू दे, जवळपास निम्मी परत येतेच. नोकरदारांमध्ये एजंटच्या २० पैकी ३ आणि थेट आलेल्या १०० पैकी ६, इथे एजंटचं प्रमाण जास्त दिसतं खरं पण तीन फायलींवरून कोणाला दोष देता येत नाही. एकूण बघितलं तर एजंट दोषी, आणि खोलात गेलं तर दोष बहुतेक सगळा फाइलच्या प्रकारात. पहिल्या कापावर थांबून एजंटचं कमिशन कापलं असतं तर माणसं दुखावली असती आणि २३ टक्के तसेच राहिले असते.

आता टोयोटावाल्यांची "पाच वेळा का" पद्धत. फाइल का परत आली? जामीनदाराच्या उत्पन्नाचा पुरावा नाही. का नाही? काउंटरवर मागितलाच नाही. का नाही मागितला? कारण कागदपत्रांच्या छापील यादीत "पगारपत्रक" एवढंच लिहिलंय, आणि दुकानदाराचा जामीनदार शेजारचा दुकानदारच असतो, दोघांकडेही पगारपत्रक नाही, मग तो चौकोन दोन्हीकडे रिकामा राहतो आणि फाइल तशीच पुढे जाते. यादी अशी का? कारण फॉर्म जुना आहे. पतपेढी निघाली तेव्हा सभासद म्हणजे गिरणी कामगार, बेस्टवाले, म्युनिसिपालिटीवाले, सगळे पगारदार. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, त्याच घरांतली पुढची पिढी गाळा, टेम्पो, केटरिंग, टेलरिंग असल्या धंद्यांत गेली, सभासद बदलले आणि फॉर्म तोच राहिला. मग तो कोणी बदलला का नाही? कारण फॉर्म बदलायचा अधिकार नक्की कोणाकडे हेच कुठे ठरलेलं नाही.

बघा, पॅरेटोतले पहिले दोन खांब वेगळे दिसत होते, जामीनदार आणि उत्पन्न, पण मूळ एकच निघालं. खात्री करायला त्या ४५ त्रुटी पुन्हा बघा, किती व्यावसायिकांच्या फायलींत आहेत? समजा ३८. मग कारण पक्कं. "का" विचारून मिळालेलं उत्तर असं आकड्याने तपासल्याशिवाय कधी स्वीकारू नका, कारण पाच वेळा का विचारून हुशार माणूस कुठल्याही उत्तरापर्यंत पोचू शकतो.

इशिकावांचा फिशबोन पण काढतात या टप्प्यावर, माशाच्या काट्यासारखी कारणांची आकृती. सगळ्या स्टाफला बोलतं करायला छान आहे. पुरावा म्हणून त्याचा उपयोग नाही.

सुधारणा, पण आधी छोट्या प्रमाणात

उपाय आता जवळजवळ समोरच आहे. दोन वेगळे फॉर्म, नोकरदार आणि व्यावसायिक. व्यावसायिकाच्या यादीत गुमास्ता, आयटी रिटर्न, बँक स्टेटमेंट. आणि ज्याच्याकडे यातलं काहीच धड नाही, उदाहरणार्थ रस्त्यावरचा छोटा स्टॉलवाला, तो जर वर्षानुवर्षं रोज दैनिक ठेव भरत असेल तर त्याच्या उत्पन्नाचा एक चांगला पुरावा संस्थेच्याच कॉम्प्युटरमध्ये पडलाय, त्या खात्याचा वर्षभराचा उतारा. तो धरायचा की नाही हे संचालक मंडळाने ठराव करून ठरवावं, काउंटरवरच्या क्लार्कवर सोडू नये.

दुसरं, चूक होऊच शकणार नाही अशी व्यवस्था, जपानी लोक याला पोका-योके म्हणतात. कॉम्प्युटर एंट्रीत जामीनदाराच्या पुराव्याचा प्रकार निवडल्याशिवाय पुढचा स्क्रीन उघडूच नये. सॉफ्टवेअरवाला वेळ लावत असेल तर फाइलच्या कव्हरचे दोन रंग करा आणि कव्हरवरच यादी छापा. आपल्या डबेवाल्यांचं नाव सिक्स सिग्माच्या प्रत्येक भाषणात निघतं, "इतक्या लाखात एक चूक" वगैरे, पण त्यांच्याकडून शिकायचं ते झाकणावरच्या खुणांचं. डबा कुठल्या स्टेशनला उतरवायचा, कुठली बिल्डिंग, कितवा मजला, सगळं डब्यावरच असतं, हात बदलले तरी कोणाला काही विचारावं लागत नाही. आपली फाइल पण तशीच पाहिजे, हातात घेणाऱ्याला कव्हर बघूनच कळलं पाहिजे की आत काय काय असायला हवं.

एजंटसाठी एक गोष्ट. कागद पूर्ण आहेत का हे आधीच बघायला ते मोबाईलवर फोटो मागवतात, सोयीचं आहे पण लोकांची आधार कार्डं एजंटच्या पर्सनल फोनमध्ये पडून राहणं बरोबर नाही. एजंटकडे फक्त छापील यादी द्या, त्याने दुकानात उभं राहून टिक करायची. आधारची कॉपी घ्यायचीच तर शक्य तिथे पहिले आठ आकडे झाकलेलं मास्क्ड आधार घ्या.

आता पायलट. दोन शाखा निवडा, बाकी तीन जुन्याच पद्धतीने चालू द्या. पहिल्या दोन आठवड्यांत पायलटच्या २० फायली गेल्या आणि २ च परत आल्या, १० टक्के, लगेच पेढे वाटू नका. २०० पैकी ४६ आणि २० पैकी २ यांची तुलना केली तर झेड व्हॅल्यू १.३४ येते, १.९६ च्या वर हवी, म्हणजे हा फरक नशिबाचाही असू शकतो. थांबा. दहा आठवड्यांनी १०० फायली झाल्या आणि ९ परत आल्या, आता झेड २.९५, आता बोलता येतं की फरक पडला. त्याच दहा आठवड्यांत उरलेल्या तीन शाखांचं काय झालं तेही बघा, तिथेही परत येणाऱ्या फायली कमी झाल्या असतील तर कारण फॉर्म नाही, दुसरं काहीतरी आहे. आणि पायलटच्या फायलींत व्यावसायिकांचं प्रमाण आधीइतकंच आहे ना, हेही तपासा. एवढं सगळं कशाला असं वाटेल, पण पाचही शाखांत फॉर्म बदलायचा म्हणजे छपाईचा खर्च, ट्रेनिंग, लोकांची सवय मोडणं, आणि एकदा चुकीच्या गोष्टीसाठी हे केलं की पुढच्या वेळी स्टाफ तुमचं ऐकणार नाही.

अजून एक, काउंटरवर एका अर्जाला किती वेळ लागतो तेही मोजत राहा. परत येणाऱ्या फायली कमी झाल्या पण रांग दुप्पट झाली तर सभासदाचा त्रास फक्त जागा बदलतो.

टिकवणं

बहुतेक प्रोजेक्ट इथे मरतात. प्रेझेंटेशन होतं, फोटो काढतात, सहा महिन्यांनी आकडा हळूच २० वर जातो आणि कोणाला पत्ता नसतो.

उपाय म्हणजे तोच शूहार्टचा चार्ट. पाचही शाखांत नवीन फॉर्म लागला की दर आठवड्याला साधारण २५ फायली जातात, त्यातल्या किती टक्के परत आल्या तो ठिपका चार्टवर मांडायचा. मधली रेषा ९ टक्के. वरची मर्यादा अशी काढतात: ०.०९ गुणिले ०.९१, भागिले २५, त्याचं वर्गमूळ ०.०५७, त्याच्या तिप्पट ०.१७, त्यात ०.०९ मिळवा, म्हणजे २६ टक्के. खालची मर्यादा शून्याच्या खाली जाते म्हणून शून्यच. याला पी-चार्ट म्हणतात. अर्थ काय, तर २५ पैकी एखाद्या आठवड्यात ६ परत आल्या, २४ टक्के, तरी तो नेहमीचा चढ-उतार असू शकतो, त्या सोमवारी शाखाधिकाऱ्याला फोन करून ओरडायचं नाही. ७ आल्या, २८ टक्के, की काम थांबवून त्या सातही फायली उघडायच्या. आणि मर्यादेच्या आत असले तरी सलग आठ ठिपके मधल्या रेषेच्या वर आले तर काहीतरी सरकलंय, तेव्हाही बघायचं.

ओरडायचं नाही हे मी सहज लिहिलेलं नाही. प्रत्येक बारीक चढाला साहेब रिअ‍ॅक्ट झाला की लोक फायली दाबून ठेवतात, "अर्धवट आहे" म्हणून रजिस्टरला चढवतच नाहीत, चार्ट छान दिसतो आणि सभासद बाकावर बसून राहतो. हे आतून तपासायचा मार्ग सोपा आहे, महिन्यातून एकदा शाखेत जाऊन काउंटरखालचा खण उघडा आणि तारखेप्रमाणे न चढवलेले अर्ज मोजा.

फॉर्मला मालक द्या. पाचव्या "का" चं उत्तर तेच होतं ना, अधिकार कोणाकडे ते ठरलेलं नाही. एका अधिकाऱ्याचं नाव ठरावात लिहा, वर्षातून एकदा फॉर्म बघायचा, सभासदांचे प्रकार बदललेत का ते बघायचं, आणि फॉर्मच्या खालच्या कोपऱ्यात आवृत्तीचा महिना छापायचा. नवीन फॉर्म ज्या दिवशी लागू होईल त्याच दिवशी सगळ्या शाखांच्या कपाटातले आणि एजंटच्या बॅगेतले जुने फॉर्म मोजून परत घ्या. हे केलं नाही तर जुने गठ्ठे संपेपर्यंत तेच वापरले जातात, कारण छापलेला कागद फेकायला आपल्याकडे कोणाचा हात धजत नाही.

बेल्ट वगैरेचं, म्हणजे सिक्स सिग्माच्या ट्रेनिंगच्या पायऱ्यांचं, विचाराल तर यलो बेल्टपुरतं ज्ञान टीममधल्या सगळ्यांना असावं, एखाद्याने ग्रीन बेल्ट करावा, पण दोन दिवसांत सर्टिफिकेट हातात देणाऱ्या क्लासला पैसे देण्याआधी एकच विचारा, तुम्ही आमच्या खऱ्या डेटावर प्रोजेक्ट करून घेणार का.

चार्टवर मर्यादेबाहेर ठिपका आला की कारण त्या ठिपक्याशेजारी पेनाने लिहायचं, "नवीन एजंट, जुना फॉर्म", "दोन क्लार्क रजेवर", इतकं छोटं पुरतं. साधारण २० ते २५ आठवड्यांचे ठिपके जमले की मर्यादा नव्याने काढा, त्याआधी दर आठवड्याला बदलू नका. तोपर्यंत सरासरी १० च्या खालीच राहिली असेल तर संचालकाची सही असलेला तो पहिला कागद बंद करायचा, आणि पॅरेटोतला तिसरा खांब, सह्या, त्यासाठी नवीन कागद घ्यायचा.